मोकळ्या प्लॉटवरची पाखरं
(रोजनिशीतील पाने)

१५ फेब्रुवारी २०२५

शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ उरकला आणि सातवीच्या मुलांना घेऊन मागच्या प्लॉटवर गेले. कालपासून सोमवारपर्यंत जगभर पक्षीगणना चालू आहे. नियम सोपे आहेत. निदान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल तो पक्षी लिहायचा, किती दिसले ते लिहायचं आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर चढवायची. भारतातले लोक २०१३ पासून या गणनेत आहेत.

प्लॉट म्हणजे चाकण एमआयडीसीत दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेलं माळरान. जमीन संपादनात गेली, शेड मात्र अजून उभी राहिलेली नाही. कुसळी गवत, बोरी, बाभळी आणि एका कडेने ओढा. तो पुढे इंद्रायणीला मिळतो. गावाचं नाव वहीतसुद्धा लिहीत नाही. जमिनीवर अंडी घालणारी पाखरं इथे आहेत. अशी जागा बाहेर कळली की माणसं मोबाईल घेऊन येतात आणि पाखराला बसू देत नाहीत.

मुलांच्या यादीत टिटवी, चंडोल, वेडा राघू, खाटीक, कोतवाल, होला, भारद्वाज, घार, गप्पीदास आणि एक चास. चास तारेवर बसला होता तोवर कुणी फारसं लक्ष दिलं नाही. उडाला, पंखांतला निळा रंग उघडला, आणि सगळी रांग मोडून त्याच्यामागे धावली. बिहारहून आलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, आमच्या गावी दसऱ्याला हा दिसला की वर्ष चांगलं जातं.” परभणीकडची एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडे पण.”

या वर्गातली निम्मी मुलं इथली नाहीत. लातूर, बीड, परभणी, जळगाव, काही बिहार-उत्तर प्रदेश. वडील कंपनीत कंत्राटावर, आई पॅकिंगला नाहीतर कॅन्टीनला. खोली बदलली की शाळा बदलते. अशा मुलांच्या हाती रंगपेटी देऊन ‘पृथ्वी वाचवा’ असं चित्र काढायला लावणं मला पटत नाही. त्यांना आधी एक जागा हवी, जिथली झुडपं आणि पाखरं त्यांना ओळखीची आहेत, जिथे काही बदललं तर पहिल्यांदा त्यांना कळेल. ॲमेझॉनचं जंगल ती पुस्तकात बघतात. हा प्लॉट शाळेच्या भिंतीला लागून आहे.

२२ फेब्रुवारी

“बाई, इथे झाडंच नाहीत. आपण लावू या का?” मागच्या बाकावरचा प्रश्न. चांगल्या मनाने विचारलेला, म्हणून उत्तर द्यायला आख्खा तास दिला.

लोणावळ्याला आभाळ फाटतं आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवर आपल्याकडे पाऊस हातचं राखून पडतो. वीतभर मातीखाली मुरूम. अशा जमिनीवर हजारो वर्षं गवतच आहे. माळरान हे कुणी तोडून टाकलेलं जंगल नव्हे, ते आपल्या जागी पुरतं आहे. चंडोल घरटं गवताच्या बुंध्याशी करतो, धाविक उघड्या जमिनीवर पळतो, ससा, खोकड, लांडगा यांना लांबवर दिसणारा मोकळा टप्पा लागतो. तिथे दाट झाडी उभी केली तर या सगळ्यांचं घर मोडतं.

मोठ्यांचीही समजूत काही वेगळी नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी माळ पडीकातच मोजला जातो. सातबाऱ्यावर पोटखराबा आणि नकाशावर पडीक, मग त्यावर काहीही उभं केलं तरी कुणाचं काही गेलं असं वाटत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. मग एकीने विचारलं, “आपल्या प्लॉटवरून काय काय गेलंय, ते कुणाला माहीत आहे?” तिला गृहपाठ दिला: घरमालकांच्या आजोबांना विचारून ये.

१ मार्च

गृहपाठ आला. मालकांच्या आबांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी मेंढरं घेऊन धनगर इथे बसायचे, तेव्हा लांडगा यायचा. ओढ्यात खेकडे आणि मळ्याचे मासे होते. रात्री कोल्हेकुई ऐकू यायची. मुलांनी एका रकान्यात आबांचं लिहिलं, शेजारच्या रकान्यात स्वतःला काय दिसलं ते. दुसरा रकाना बराच आखूड आहे. तो बघून एक मुलगा म्हणाला, बिबट्या लिहू का? त्याच्या वडिलांनी नाइटला जाताना उसाच्या कडेला पाहिला होता.

लिही म्हटलं. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता. काम थांबवलं गेलं, वनखात्याने आणि जुन्नरच्या माणिकडोह केंद्राच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढलं. उसात जन्मलेल्या पिल्लांना ऊस हेच जंगल. अंधारात एकटं न जाणं, मोठ्याने बोलत जाणं, वाकून बसून न राहणं, हे मुलांना घरी सांगायला दिलं. बिबट्याच्या शेजारी राहायचं तर शाळकरी मुलाला एवढं यायलाच हवं.

१८ मार्च

गेल्या आठवड्यात ओढ्याकडचा तुकडा पेटला. सकाळी मुलं राखेत वाकून बघत होती. पांढरे पडलेले गोगलगायींचे शंख, अर्धा जळालेला सरडा. हा तोच छोटा सरडा, जो उन्हाळ्यात दगडावर चढून गळ्याखालचा रंगीत पंखा फुलवतो.

आग कशाने लागली हे आम्हा शिक्षकांना कळत नव्हतं. मुलांना माहीत होतं. भिंतीच्या कोपऱ्यात पॅकिंगचा पुठ्ठा आणि प्लास्टिक रोज संध्याकाळी पेटवलं जातं. कोण पेटवतो, किती वाजता, सगळं माहीत. एका मुलीचे वडील तिथेच हाऊसकीपिंगला आहेत. तिने घरी सांगितलं, त्यांनी सुपरवायझरच्या कानावर घातलं. आजचा चौथा दिवस, धूर नाही. पुठ्ठा भंगारवाल्याकडे जातो असं ती सांगत होती.

मुलांकडून असं काम होतं, कारण ती सगळीकडे असतात. कोणत्या नळातून पाणी गळतं, कोणत्या पाइपातून काळं पाणी सुटतं, रात्री कोण डंपर रिकामा करतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं बोलणं ऐकून पुढे नेणारं मोठं माणूस तेवढं लागतं.

१२ एप्रिल

टिटवीने अंडी घातली. चार. घरटं असं काही नाहीच, मुरमात जरासा खळगा आणि कडेने खडे. मातकट रंगावर काळपट ठिपके, टोकं आतल्या बाजूला जुळवून ठेवलेली. अंडी अगदी पायाशी येईपर्यंत एका मुलाला दिसली नव्हती. टिटवी डोक्यावरून ओरडत सूर मारत होती, मग लांब जाऊन पंख मोडल्यासारखी लंगडू लागली. मुलांना सांगितलं, ती आपल्याला तिच्यामागे नेते आहे, म्हणजे आपण मागे फिरायचं.

मुलांचे नियम त्यांनीच फळ्यावर लिहिले. वीस पावलांच्या आत जायचं नाही. अंड्यांना हात नाही, फोटो नाही. भोवती दगडांचं कुंपण करायचं नाही, कारण त्याने कावळ्याला आणि मांजराला जागा कळते. ही शेवटची सूचना एका मुलीची. ती मला सुचली नव्हती.

१९ एप्रिल

एका मंडळाचे लोक शाळेत आले. रविवारी इंद्रायणीतली जलपर्णी काढायची आहे, मुलं द्या म्हणाले. माणसं तळमळीची, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरणारी. तरी नाही म्हटलं.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद यांवर ती माजते. पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरते, खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. आळंदीला बंधाऱ्याखाली फेस दिसतो तोही धुण्याच्या पावडरींचा आणि न शुद्ध केलेल्या मैलापाण्याचा. हे पाणी अडवणं आणि शुद्ध करणं हे महापालिकेचं, ग्रामपंचायतींचं, कंपन्यांचं आणि मतदारांचं काम आहे. बारा वर्षांच्या मुलाला त्या पाण्यात उतरवायचं म्हणजे आपलं काम त्याच्या कातडीवर ढकलायचं. मुलांनी काठावर उभं राहून मोजावं, लिहावं आणि विचारावं. ते लोक ऐकून घेऊन गेले. मुलांनी बंधाऱ्यावरून जलपर्णीच्या सीमेचा नकाशा दर पंधरा दिवसांनी काढून द्यावा, असं ठरलं.

नदी कुर्वंड्याजवळ उगम पावते, देहू-आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते. देहूच्या डोहात भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासा मारला नाही. तिथला महसीर त्यामुळे टिकला. वर लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटा वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीरची बीज-पैदास सुरू केली आणि ते बीज देशभर गेलं. श्रद्धा आणि शास्त्र दोन्हींनी एक मासा राखला, आणि आपण त्याच्या पाण्यात मैला सोडतो, याचा मला राग येतो. तो मुलांसमोर लपवला नाही.

२४ एप्रिल

ऊन चटकतं आहे. टिटवी ओढ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओलेत्यानेच अंड्यांवर बसते. दुर्बिणीतून एकेकाने पाहिलं. थेंब अंड्यावर पडताना दिसला म्हणून एक मुलगा ओरडला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. ओढ्यात तेवढं बरं पाणी आहे म्हणून हे जमतं. ते आटलं किंवा त्यावर तेलाचा तवंग आला तर ती कुठे जाणार, हे मुलांनी आपणहून वहीत लिहिलं आहे.

शिपाईमावशी म्हणाल्या, टिटवी देखील समुद्र आटविते.

२५ एप्रिल

परीक्षा संपली. शेवटच्या तासाला कोस्टा रिकाची गोष्ट सांगितली. १९८७ साली स्वीडनमधल्या फागेरविक गावच्या छोट्या शाळेत एहा केर्न नावाच्या बाईंनी मुलांना वर्षावनाबद्दल सांगितलं. जंगल तोडलं जातंय हे ऐकून रोलंड टिएन्सू या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, आपण ते विकत घेऊन वाचवू शकतो का? मुलांनी नाटक बसवलं, वस्तू विकल्या, पैसे पाठवले. मग दुसऱ्या शाळा, दुसरे देश. ४४ देशांतल्या मुलांच्या पैशांतून माँतेव्हेर्देजवळ ‘मुलांचं चिरंतन वर्षावन’ उभं राहिलं. आज ते २२ हजार हेक्टरांहून मोठं आहे, कोस्टा रिकातलं सर्वांत मोठं खासगी राखीव जंगल.

फिलिपिन्सचीही सांगितली. तिथल्या मुलांनी, वडीलधाऱ्यांच्या मार्फत, जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्ध दावा लावला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की ती मुलं स्वतःच्या आणि अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांच्या वतीनेही न्याय मागू शकतात.

“आपल्याकडे पैसे नाहीत,” एक जण म्हणाला. प्लॉटचा भाव त्याला माहीत आहे, गुंठ्यावर कळतो. त्याला खोटी आशा दाखवली नाही. हा प्लॉट कधीतरी भरेल. पण ओढ्याच्या कडेचा पट्टा, गायरान, डोंगरउतार हे अजून गावाच्या हातात आहे, आणि तिथे काय आहे याची लेखी नोंद असली तर गावाला बोलता येतं. याच भागात भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी २००८ साली एका परदेशी रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राला वारकरी आणि गावकरी आडवे गेले होते, आणि ते केंद्र शेवटी तिथे झालं नाही. तुकोबांच्या एकांताचा तो डोंगर लोकांना नावाने ओळखीचा होता, म्हणून माणसं उठली. ज्याचं नावही कुणाला माहीत नाही, त्या माळासाठी कोण उठेल?

४ मे

सुट्टी लागली. निम्मी मुलं गावाला गेली. ज्यांच्या घरी तिकिटाचे पैसे नव्हते ती इथेच आहेत, आणि टिटवीवर लक्ष तीच ठेवतात.

रात्री राडारोडा टाकायला डंपर येतो आहे. विटांचे तुकडे, टाइल, सिमेंटची पोती. ढीग अंड्यांपासून फार लांब नाहीत. पहिला नियम मी घातला: डंपरपुढे कुणी उभं राहायचं नाही, ड्रायव्हरशी बोलायचं नाही. त्यांनी गच्चीवरून वेळ आणि गाडीचा नंबर लिहिला. अर्ज मी माझ्या सहीने ग्रामपंचायतीत दिला, एक प्रत एमआयडीसीच्या कार्यालयात. अर्जाला मुलांनी काढलेला नकाशा जोडला आहे: ओढा, बोरी, जळालेला तुकडा, ढीग. टिटवीच्या जागी काही लिहिलेलं नाही.

१० मे

पिल्लं निघाली. तीन दिसली, चौथ्याचं कळलं नाही. अंगावरची लव सुकली की पिल्लं लगेच चालू लागतात. आईने इशारा दिला की जमिनीला चिकटतात आणि मग डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत. डंपर तीन रात्री आलेला नाही. आधीचे ढीग तसेच पडून आहेत, ते कोण उचलणार याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

२७ मे

मे महिन्यातच धो धो. काल पुण्यात मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. ओढ्याला पूर, शाळेच्या व्हरांड्यात पाणी. इंद्रायणीच्या पुलावरून येताना पाहिलं, जलपर्णीचे गठ्ठेच्या गठ्ठे वाहत चालले होते. खालच्या गावांच्या बंधाऱ्यांना जाऊन ते अडकणार.

पिल्लं दोन दिवस दिसली नव्हती. आज एक मुलगा छत्री घेऊन आला, म्हणाला, उंचवट्यावर दोन आहेत.

५ जून

पर्यावरण दिन. एका कंपनीची माणसं रोपं घेऊन आली. गुलमोहर, गिरिपुष्प आणि थोडे करंज. खड्डे प्लॉटवर घ्यायचे ठरवून आले होते. सुट्टी असूनही जमलेल्या मुलांपैकी परभणीची मुलगी पुढे झाली आणि तिने गवतात कोण राहतं ते वही उघडून एकेक वाचून दाखवलं. त्यांच्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. “मग कुठे लावू?” असं तिलाच विचारलं. तिने ओढ्याची धूप झालेली कड आणि शाळेचं कुंपण दाखवलं. करंज तिथे लागले. पुढच्या वेळी उंबर, जांभूळ, बोर आणा, अशी यादी मुलांनी दिली. बाकीची रोपं ते परत घेऊन गेले.

दरवर्षी रोप लावतानाचा फोटो होतो. पुढच्या मेमध्ये त्याला पाणी कुणी घातलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक करंजाला दोन मुलं वाटून दिली आहेत. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातल्या शाळांतली मुलं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं आणि फळं नोंदवतात. केरळच्या शाळा यात पुढे आहेत. आमची मुलं शाळेच्या जुन्या आंब्यापासून सुरुवात करणार आहेत.

१८ जून

शाळा परवा सुरू झाली. आज देहूहून तुकोबांची पालखी निघाली, उद्या आळंदीहून माउलींची. वर्ग अर्धा रिकामा.

संध्याकाळी बातमी आली, मारुती चितमपल्ली सोलापुरात गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, त्यामधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. या माणसाने वनखात्यातली नोकरी करता करता आदिवासींकडून, पारध्यांकडून, रानातल्या म्हाताऱ्यांकडून पाखरांची आणि झाडांची नावं गोळा केली आणि मराठीला दिली. मुलांच्या वहीतला आबांचा रकाना आज पुन्हा वाचला. उद्या वर्गात चितमपल्लींविषयी बोलायचं आहे.

२२ जून

रविवार. दोन मुलींच्या खोलीवर गेले होते. दहा बाय दहा, दारात रंगाच्या डब्यात कढीपत्ता. त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी होती, शेजारी तिचीच मोठी हिरवी बहीण. काडीने स्पर्श केला तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. आई म्हणाली, पानं खाते म्हणून मी काढून टाकणार होते, पोरींनी हात धरला.

ही मॉरमॉन फुलपाखराची अळी. तिची मोठी नातलग, ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, आणि तीही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढते. ज्यांच्याकडे अंगण नाही, त्यांनीही डब्यात एक लिंबू किंवा कढीपत्ता लावावा आणि त्यावर औषध मारू नये. वर्गातल्या बऱ्याच जणांनी आता मागून मागून रंगाचे डबे जमवले आहेत.

२७ जून

ग्रामपंचायतीत मुलांची वही दिली. जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. माधव गाडगीळांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं की लोकांच्या ज्ञानाची नोंद लोकांनी करावी. नोंदवही एकदा कागदावर पुरी करून कपाटात ठेवायची वस्तू नाही, तिच्यात भर पडत राहायला हवी. शाळेहून सोयीची भर कुठून मिळणार?

ग्रामसेवकांनी आवक नोंद केली, पोच दिली. पानं चाळली. टिटवीच्या पानाशी थांबून म्हणाले, जागा लिहिली नाही. मुलांनी कारण सांगितलं. मग त्यांनी ओढ्याच्या पानावर बोट ठेवलं. इथे ‘काळं पाणी’ लिहिलंय, ते नेमकं कुठून येतं? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. वरच्या अंगाला कुणी गेलेलं नाही.

पुढच्या महिन्यात तो पाइप शोधून नकाशावर दाखवायचा, असं बाहेर पडतानाच त्यांचं ठरलं. मला आधी पालकांच्या सह्या घ्यायच्या आहेत आणि गावातली दोन मोठी माणसं सोबत न्यायची आहेत. ओढ्याला सध्या बरंच पाणी आहे.